उन्हाळी, मुतखडा आणि अडवलेला वेग

एप्रिल लागला की ठाण्यात घरोघरी कुणाला तरी ‘उन्हाळी लागते’ आणि धने-जिऱ्याचं पाणी भिजत पडतं. लघवीच्या जळजळीचं आपलं हे नावच उन्हावरून आलंय. आयुर्वेदाच्या ग्रंथांत लघवी कष्टाने, दुखत होण्याला मूत्रकृच्छ्र म्हटलंय. चरकसंहितेत त्याचे ८ प्रकार आहेत आणि कारणं एकाच श्लोकात कोंबलीत: अति व्यायाम, तीक्ष्ण औषधं, रूक्ष अन्न, मद्य, पाणथळ भागातले मासे, आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणं, शिवाय भरधाव जनावराच्या पाठीवरून रोजचा प्रवास. घोडबंदर रोडवर रोज दुचाकी हाणणाऱ्याला हे शेवटचं चटकन पटेल. खड्डे तेवढे यादीत नाहीत.

मला जास्त मोलाचा वाटतो तो चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा, म्हणजे पहिल्या भागाचा, ७वा अध्याय. शरीराचे १३ नैसर्गिक वेग, म्हणजे लघवी-शिंकेसारख्या आपोआप येणाऱ्या ऊर्मी, अडवू नयेत, असं तिथे बजावलंय. लघवी रोखली तर ओटीपोटात कळ, मूत्रकृच्छ्र, डोकेदुखी, अंग वाकणं, जांघांत ताठरपणा. आपल्या लोकलमध्ये शौचालय नसतं. म्हणून वाशीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे गाठून पुढे कल्याणची गाडी धरणाऱ्या कितीतरी बायका निघताना पाणीच पीत नाहीत. वेग येऊच द्यायचा नाही, हा बंदोबस्त काही चरकाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

सुश्रुताने मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, १२ प्रकार मांडले. कृच्छ्रात वेदना जास्त आणि अडथळा थोडा, आघातात नेमकं उलट, हा फरक पुढे माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथाचा टीकाकार विजयरक्षित सांगतो. अश्मरी, म्हणजे मुतखडा, ४ प्रकारची. औषधांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया. पण शस्त्र न लावल्यास मृत्यू नक्की आणि लावल्यास जगण्याची शंका, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी, असं सुश्रुत म्हणतो.

एका ठिकाणी मात्र गाडी चुकली. नवं मडकं गळ्यापर्यंत पाण्यात बुडवलं की ते चहूबाजूंनी पाझरून भरतं, तसं मूत्र बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, झिरपतं, अशी सुश्रुताची कल्पना. वृक्क म्हणजे मूत्रपिंडं ग्रंथकारांना ठाऊक होती, पण त्यांचा संबंध त्यांनी मेदाशी जोडला. सुश्रुताची अश्मरी प्रामुख्याने बस्तीतली, तीही बहुतेक लहान मुलांची. आज किडनीतल्या खड्यासाठी सुश्रुताचा हवाला देताना हे सहसा कुणी सांगत नाही.