विश्वास वागण्यात दिसतो तो कुठे? जक्कयापासून केडगावपर्यंत

"प्रभूवर विश्वास ठेवला" असं कोणी म्हटलं की बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं, बरं मग वागण्यात काय फरक पडला? हा प्रश्न आजचा नाहीच, तो बायबलच्या नव्या करारातच आहे. बाप्तिस्मा करणारा योहान जकातदारांना सांगायचा की ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, शिपायांना सांगायचा लोकांना धाक दाखवून पैसे उकळू नका. आणि यरीहोचा जक्कय, येशू घरी आला तसा उठून म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. पश्चात्ताप खरा की नाही ते इथे थेट पैशाच्या व्यवहारात दिसलं.

नव्या करारातलंच याकोबाचं पत्र तर आणखी रोखठोक आहे, भुतंही देव एकच आहे असं मानतात आणि थरथर कापतात, मग नुसतं मानण्याचं काय घेऊन बसलात? प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरला हे पत्र फारसं पटलं नव्हतं, 1522 साली त्याने त्याला गवताच्या काडीसारखं म्हटलं, कारण कर्मांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत मिळतं या समजुतीशीच त्याचं भांडण होतं. पण त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिलं की विश्वास जिवंत असतो, चांगलं केल्याशिवाय त्याला राहवतच नाही. ही प्रस्तावना लंडनमध्ये वाचली जात असताना 24 मे 1738 ला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीचं मन पेटलं, आणि पुढे त्याच्या चळवळीतले मेथडिस्ट लोक आठवड्याला छोट्या गटात बसून एकमेकांना जगण्याबद्दल विचारू लागले.

पण बदल एका झटक्यात होतो असं समजू नये. इंग्रज खलाशी जॉन न्यूटनने 1748 मध्ये समुद्रातल्या वादळात देवाचा धावा केला आणि त्यानंतरही तो गुलामांच्या जहाजांचा कॅप्टन होता! 1754 मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून स्वतःचा वाटा उघड कबूल केला तो 1788 मध्ये. मला ही चाळीस वर्षं फार बोचतात, कारण प्रार्थना चालू होती आणि साखळदंडातली माणसंही होती. त्या कबुलीचं मोल मात्र मोठं, ब्रिटिश संसदेने 1807 मध्ये हा व्यापार बंद केला त्यामागे अशा साक्षींचं बळ होतं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या बरोबर उलट्या क्रमाने जाते. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलम भागात ख्रिस्ती धर्मभगिनी चालवत असलेला एक आश्रम त्यांनी पाहिला, तिथे एकेकाळी समाजाने टाकलेल्या बाया आता इतक्या बदलल्या होत्या की आजारी आणि दुबळ्यांच्या सेवेला त्यांनी आयुष्य वाहिलं होतं. हे असं का होतं म्हणून रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची, जिला तुच्छ न मानता येशू तिच्याशी बोलला तिची, गोष्ट वाचून दाखवली. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 ला मुंबईत शारदासदन सुरू झालं, काम जोरात चाललं, तरी नंतर त्यांनी स्वतःच लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, एवढी मोठी सेवा हातून होत असूनही त्यांनी ती आपल्या तारणाचा पुरावा म्हणून पुढे केली नाही. आणि ख्रिस्त मिळाल्यावर काम थांबलं नाही, उलट वाढलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या, त्यातूनच पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, तिथे मुली लिहायला वाचायला शिकल्या, छापखाना आणि विणकाम शिकल्या. फुलमला पाहिलं होतं तसं काम करायला तिथेच कृपासदन निघालं, ज्या बायांना दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी.