होरफा आणि काफ्राव: थाय स्वयंपाकातल्या दोन तुळशी

घरी पहिल्यांदा थाय हिरवी करी केली तेव्हा कृतीत नुसतं 'थाय बेझिल' लिहिलेलं होतं आणि फोटोत जांभळ्या देठाचा पाला दिसत होता. जांभळा देठ म्हणजे आपली कृष्ण तुळस, असं धरून मी शेजारच्या परसातून मूठभर आणली. नारळाच्या रसात सुंगटं, म्हणजे कोळंबी, शिजत होती, त्यात पानं घातली आणि घरभर सर्दीच्या काढ्याचा वास सुटला. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "तुळस सुंगटांत घालतात का गो?" एवढंच म्हणाल्या. ते मला फार लागलं, कारण दोन्ही अंगांनी त्यांचं बरोबर होतं.

हिरव्या करीत जाते ती होरफा. तिचं शास्त्रीय नाव ऑसिमम बॅसिलिकम, म्हणजे फालुद्यात आपण घालतो त्या सब्जाचीच जात. इटालियन बेझिलही याच जातीचं, पण त्याचं पान मोठं आणि फुगीर, वासही निराळा. दुसरी काफ्राव. ती ऑसिमम टेन्युइफ्लोरम, म्हणजे आपल्या वृंदावनातलीच तुळस. थायलंडमध्ये ती भाजीच्या बाजारात जुड्यांनी विकली जाते. तिकडच्या वाणाला मिरीचा झणका जास्त, आपल्या तुळशीत लवंग वर येते.

रंगावर जाऊ नका, मी तिथेच फसले. होरफाचा देठ जांभळा असतो आणि काफ्रावमध्येही तांबूस देठाचा प्रकार आहे. त्यापेक्षा देठावरून बोट फिरवा. काफ्रावच्या देठावर बारीक लव लागते, पान मऊ, निस्तेज आणि कडेला दातेरी असतं. होरफाचं पान गुळगुळीत, चकचकीत, टोकदार. तरीही शंका राहिली तर पान चुरडून नाकाशी न्या. बडीशेपेचा गोडसर वास आला तर होरफा, लवंग-मिरीचा तिखट वास आला तर काफ्राव. मला ही खूण सगळ्यांत खात्रीची वाटते.

वापरही वेगळा. होरफा करीचा गॅस बंद करताना घालायची, रसाच्या उष्णतेनेच ती मऊ पडते. तिकडे ती कच्चीही खातात. काफ्रावला मोठी आच हवी. लसूण आणि लवंगी मिरची खलबत्त्यात ओबडधोबड कुटून तेलात परतायची, त्यावर चिकनचा खिमा, मग फिश सॉस आणि चिमूटभर साखर. खिमा कोरडा होत आला की पाव किलोला वाटीभर पानं टाकून अर्ध्या मिनिटात उतरवायचं. हेच फाट काफ्राव. कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं वर ठेवून भाताबरोबर वाढायचं. तिकडचा भात सुवासिक जस्मिन तांदळाचा, आमच्याकडे मुलं उकड्या भातावर घेतात आणि मागून खातात. यात होरफा घातली तर पदार्थ वाईट होत नाही, पण तो काफ्राव राहत नाही. उलट केलं तर मात्र माझी करी झाली तसं होतं.

आता तुळशीचा प्रश्न. गोव्यात व्हडल्या दिवाळीला आपण जिचं लग्न लावतो, तिचं पान मासळी-मटणाला लावणं पुष्कळ घरांत चालत नाही, आणि मला ते मोडायचंही नाही. अंगणातल्या वृंदावनाला मी हात लावत नाही. सासूबाईंना विचारूनच मागच्या दाराला वेगळी कुंडी केली आहे, थाय बियांपासून रुजवलेली. ज्यांना तेही नको वाटेल त्यांनी काफ्रावचा पदार्थच सोडावा, होरफावर भरपूर थाय स्वयंपाक होतो.

होरफाचं बी नाही मिळालं तर वाण्याकडचा सब्जा पेरा. त्याच्या पाल्याचा वास बराच जवळ जातो. होरफाची जुडी मिळालीच तर दोन काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवा, आठवडा-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. मंजिऱ्या दिसताच खुडायच्या, नाहीतर पानं बारीक होतात. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यायची. आपल्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजतात. माझं पहिलं रोप आषाढातच गेलं.