काउंट(*) हळू, काउंट(१) वेगवान? अजिबात नाही

एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायच्या भाषेत, टेबलातल्या ओळी मोजायला काउंट वापरतात. कोड रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याचा कोड तपासताना) आजही हा शेरा सर्रास पडतो: ‘काउंट(*) काढा, काउंट(१) टाका. स्टार सगळे कॉलम वाचतो.’ नवशिक्या मुलांना हे सांगितलं जातं तेव्हा वाईट वाटतं, कारण ते मुळातच चूक आहे.

सिलेक्ट या माहिती मागवायच्या आज्ञेनंतरचा स्टार म्हणजे ‘सगळे कॉलम’. काउंटच्या कंसातला स्टार म्हणजे फक्त ‘ओळी मोजा’. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की इनोडीबी (त्याचं डेटा साठवणारं इंजिन) काउंट(*) आणि काउंट(१) दोन्ही सारखेच हाताळतं, वेगात फरक नाही. ओरॅकल (दुसरा एक डेटाबेस) तर काउंट(१) चं आतल्या आत काउंट(*) करून टाकतं.

खरा फरक तिसरीकडेच आहे. ग्राहकांच्या टेबलात ५ ओळी आहेत आणि त्यातल्या दोघांचा ईमेल नल आहे, म्हणजे भरलेलाच नाही, असं समजा. काउंट(*) ५ देईल, काउंट(१) सुद्धा ५, पण काउंट(ईमेल) ३ च, कारण ते नल सोडून मोजतं. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे रिपोर्टचे आकडे चुकतात, आणि ती चूक कुणाला पटकन दिसतही नाही.

मग मोजणीला वेळ का लागतो? पोस्टग्रेस (आणखी एक डेटाबेस) काय, इनोडीबी काय, एकाच क्षणी वेगवेगळ्या ट्रान्झॅक्शनना (एकत्र पार पडणाऱ्या कामांच्या गटांना) वेगवेगळ्या ओळी दिसू शकतात. त्यामुळे तयार आकडा साठवलेला नसतो, प्रत्येक वेळी मोजावंच लागतं. ‘एखादी तरी ओळ आहे का?’ एवढंच हवं असेल तर काउंटऐवजी एसक्यूएलमधलं एक्झिस्ट्स वापरा. पहिली ओळ सापडताच ते थांबतं.