कानशिलावरची धमनी मेंदूच्या मदतीला

कानाच्या अगदी पुढे बोट अलगद टेकवले, तर नाडीचे ठोके जाणवतात. तिथून वर चढणारी धमनी डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवते, आणि तिची एखादी शाखा काढून घेतली तरी आजूबाजूच्या वाहिन्या ते काम सहसा निभावून नेतात. म्हणूनच मेंदूकडे जाणारी मोठी धमनी अरुंद झाली किंवा बंद पडली, तर ही शाखा कवटीतील छोट्या झरोक्यातून आत वळवून मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला जोडता येते. मेंदूचे शल्यविशारद गाझी याशारगिल यांनी १९६७ साली झुरिच येथे ही ‘बायपास’ म्हणजे रक्ताला पर्यायी वाट देणारी शस्त्रक्रिया केली. त्याआधी अमेरिकेतील व्हर्माँट येथे, पीट डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या शिवण्याचा सराव केला होता.

जोडायच्या दोन्ही धमन्या जेमतेम एक-दीड मिलिमीटर रुंदीच्या असतात. मेंदूवरच्या धमनीला दोन्ही बाजूंनी चिमुकल्या क्लिपा लावून तिच्यातील रक्त थांबवतात, तिच्या भिंतीला लांबट छेद देतात आणि तिरक्या कापलेल्या दुसऱ्या धमनीचे तोंड तिथे केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने शिवतात. भिंत इतकी पातळ आणि पारदर्शक असते की तिची कड दिसावी म्हणून तिला निळी शाई लावावी लागते. एक टाका चुकून समोरच्या भिंतीत गेला, तरी वाट बंद होऊ शकते.

एवढे कसब साधल्यावर रुग्णांना लाभ होणारच, असे वाटणे स्वाभाविक होते. मात्र १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा बहुतेक जोड उत्तम वाहत असूनही पक्षाघात टळत नसल्याचे दिसले. ज्यांच्या मेंदूला रक्त खरोखरच अपुरे पडते, असेच रुग्ण निवडून पुढे घेतलेली चाचणीही २०११ मध्ये निराशाजनक ठरली: दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात किंवा सुरुवातीच्या तीस दिवसांत कोणताही पक्षाघात वा मृत्यू, हे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात २१ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांत २२.७ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यातील पक्षाघातांनी पुढचा सारा फायदा खाऊन टाकला. शिवणकाम निर्दोष असणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करायला या क्षेत्राला बराच काळ लागला, असे माझे मत आहे.

तरीही ही शस्त्रक्रिया मागे पडली नाही. धमनीवरचा अवघड फुगा काढताना मूळ धमनीच बंद करावी लागली, तर पायातील शीर किंवा हातातील धमनी वापरून अधिक रक्त वाहून नेणारा बायपास करतात. मोयामोया या आजारात तर तिला मोठे महत्त्व आहे. मेंदूच्या तळाशी धमन्या हळूहळू आक्रसतात आणि तिथे बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. चित्रणात ते धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून हे जपानी नाव. मुलांच्या धमन्या शिवण्यास फार नाजूक असल्याने अनेकदा कानशिलावरची धमनी न कापता मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती टेकवून ठेवतात. रक्ताला आसुसलेला मेंदू तिच्यातून नव्या वाहिन्या फुटायला प्रवृत्त करतो आणि काही महिन्यांत तिथे आपोआप जाळे विणले जाते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक साधी सूचना दिली जाते: चष्म्याची काडी किंवा टोपीची घट्ट पट्टी कानापुढच्या त्या जागेवर दाबू देऊ नये.