पैसेवारी आणि पीक पाहणी, खान्देशातील

गावात हंगामाचे पीक नेहमीच्या मानाने किती आले, हे ठरवण्याची महसुली पद्धत म्हणजे पैसेवारी. चालू वर्षाचे हेक्टरी उत्पादन प्रमाण उत्पादनाच्या जितके टक्के, तितके पैसे. आकडा 50 च्या आत आला की महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींची वाट मोकळी होते. जळगाव, धुळे व नंदुरबारच्या कोरडवाहू गावांचे डोळे म्हणून या आकड्याकडे लागलेले असतात. जुने नाव आणेवारी. सातबाऱ्यावरील सहहिस्सेदारांच्या हिश्शालाही आणेवारी म्हणतात, तिचा येथे संबंध नाही.

नाव आण्यावरून आले, याबद्दल वाद नाही. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आण्यांचे पैसे झाले. मतभेद आहेत ते पद्धतीच्या मुळाबद्दल. एका मतानुसार ती मोगलकालीन कणकुतीची, म्हणजे उभे पीक नजरेने जोखण्याची, वारस आहे. असीरगड 1601 मध्ये पडल्यावर खान्देश मोगली सुभा झाला आणि सतराव्या शतकाच्या मध्यास मुर्शिद कुलीखानाने दख्खनेत मोजणी व बटाई (पिकाचा वाटा सारा म्हणून घेणे) या दोन्ही रीती लावल्या, हा या मताचा आधार. दुसरे मत इंग्रजांच्या जमीन पाहणीकडे जाते. 1835 च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या पाहणीत जमिनीची प्रत आण्यांतच लावत. उत्तम जमीन सोळा आणे, अगदी हलकी दोन आणे. पण ती प्रत जमिनीची व दीर्घ मुदतीची, आणेवारी पिकाची व दरसालची. त्यामुळे जोखण्याची रीत जुनी आणि तिला सवलतीशी बांधणारा नियम इंग्रजी अमदानीतला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 1918 च्या गुजरातेतील खेडा सत्याग्रहात तंटा नेमका पीक चार आण्यांच्या वर की खाली, यावरच होता. मोजणाऱ्यावरचा अविश्वास खान्देशाने त्याआधीच दाखवला होता: 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत रयत जमीन पाहणीविरुद्ध उठली.

नजरअंदाजाच्या जोडीला पुढे पीक कापणी प्रयोग आले, म्हणजे शेतातला मोजका तुकडा कापून उतारा तोलणे. 1920 च्या दशकात हबॅक यांनी बिहार-ओरिसात भाताचे यादृच्छिक नमुने घेतले. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. लहान तुकड्यात कडेची ताटे आत धरली जाऊन उतारा फुगतो, हा दुसरे संख्याशास्त्रज्ञ सुखात्मे यांचा आक्षेप. मोठ्या तुकड्याची रीत टिकली. बऱ्याच पिकांना तो 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद असतो. खुंट्या ठोकून दोरी ताणायची, आतले पीक कापून, मळून, तोलायचे. पहिली खुंटी कुठे ठोकायची हे यादृच्छिक आकडा सांगतो. बरे पीक दिसले म्हणून ती चार पावले सरकवली की प्रयोग फुकट गेला. कापसाच्या वेचण्या अनेक, म्हणून त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा यावे लागते आणि खान्देशात चूक शिरायला जागा बहुधा इथेच मिळते.

2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पैसेवारीचे वजन कमी केले. पावसाची तूट, उपग्रहावरून काढलेला वनस्पती निर्देशांक (हिरवाईचे माप), जमिनीतला ओलावा हे आधी पाहायचे, मग निवडक गावांत जाऊन खात्री करायची. याच रीतीने राज्यात 2018 मध्ये 151 तालुके आणि 2023 मध्ये 40 तालुके दुष्काळी जाहीर झाले. दुसऱ्या यादीत खान्देशातले नंदुरबार, शिंदखेडा व चाळीसगाव. उपग्रहाची अडचण अशी, की खरिपात ऐन गरजेच्या वेळी आभाळ भरलेले असते. 2014 पासूनच्या सेंटिनेल-1 या युरोपीय उपग्रहाचे रडार ढगांतून पाहते, पण कापसातली तूर किंवा उडीद वेगळा ओळखणे त्यालाही जड जाते. शिवाय तापीकाठी ठिबकवर मे महिन्यातच लावलेला पूर्वहंगामी कापूस आणि पावसावर पेरलेला कापूस यांची वाढ एका तारखेला सारखी नसते. तालुक्याची सरासरी काढली की हिरव्या बागायतीत कोरडवाहूचे नुकसान झाकले जाते, आणि हा अन्याय केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही.

केळीचा विमा मात्र पिकाच्या मोजणीवर नव्हे, हवामान केंद्रांच्या नोंदींवर चालतो. थंडी, उष्णता वा वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भरपाई लागू होते.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून पेऱ्याची नोंद, आली. पूर्वी गाव नमुना 12 मध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदवहीत, तलाठी पेरा लिहीत असे. आता शेतकरी बांधावर उभा राहून गट नंबर निवडतो, पीक व क्षेत्र भरतो, फोटो काढतो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. विहिरीशेजारची पडीक ‘कायम पड’ म्हणूनच लिहायची असते. तिच्यावर पीक दाखवले की पुढचे सगळे आकडे बिघडतात.

सातपुड्यात, विशेषतः अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत, नोंदींची ही साखळी विरळ होते. डोंगरउतारावरच्या एकाच तुकड्यात ज्वारी, मका, उडीद व भगर असते. रेंज नसल्यास नोंद फोनमध्येच साठवून ठेवावी लागते आणि ती पाठवण्यासाठी कोणालातरी टेकडी चढावी लागते.