खलपात्राचे दुष्कृत्य

खलपात्राचे दुष्कृत्य : नाटकातील वा चित्रपटातील दुष्ट पात्राच्या हातून प्रेक्षकांसमोर घडणारा अत्याचार, खून, कपट किंवा छळ. तो घडू द्यावा का आणि कुठवर, हा नाट्यविचारातला जुना प्रश्न आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मृत्यू आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून (दोन अंकांमधल्या, दुय्यम पात्रांच्या छोट्या प्रवेशातून) सुचवाव्यात, असे भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहे. नाटककारांनी हा दंडक पाळला, तसा वाकवलाही.

वाकवण्याचा धीट नमुना शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त सापडतो. राजाचा मेहुणा शकार सुरुवातीला निव्वळ हास्यास्पद वाटतो. गणिका वसंतसेनेच्या मागे धावताना तो तिला ‘रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी’ पळते असे म्हणतो. त्याचे पुराणज्ञान एवढेच. आठव्या अंकात तोच शकार तिला मारायला आधी आपल्या सोबतच्या विटाला आणि मग गाडीवानाला सांगतो. दोघेही नकार देतात, तेव्हा तो स्वतः तिचा गळा दाबतो. ती मरत नाही, बेशुद्ध पडते. त्यामुळे भरताचा नियम कागदोपत्री शाबूत राहतो. पुढे शकार खुनाचा आळ तिच्या प्रियकरावर, निरपराध चारुदत्तावर घालतो आणि न्यायसभेलाही दडपतो. हे दुष्कृत्य गाळले, तर शकार विदूषकापलीकडे जात नाही, बंडखोर आर्यकाने पालक नावाच्या राजाला उलथवण्याला आधार राहत नाही आणि अखेरीस चारुदत्ताने शकाराला दिलेली क्षमाही फुकटची ठरते. गो. ब. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’तून हे सारे मराठी रंगभूमीवर आले आणि घराघरांतून गायले गेले.

कीचकही राजाचा मेहुणाच. (मेहुण्यांवर आपल्या नाटककारांचा राग जुना दिसतो.) कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकाचा आधार महाभारताचे विराटपर्व. तिथे कीचक सैरंध्रीला, म्हणजे दासीच्या वेषातल्या द्रौपदीला, भर सभेत लाथ मारतो आणि सभा गप्प बसते. कीचकाचा अपराध सौम्य करावा, तर भीमाने केलेला त्याचा वध हा खूनच उरतो. खाडिलकरांच्या प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन, सैरंध्रीत हिंदभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले. सरकारलाही तेच दिसले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतातल्या लाथेवर सरकारचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. ती कोणाची, हे ओळखू येत होते, ही अडचण होती.

विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाईंडर’ (१९७२) या नाटकातही एका स्त्रीचा गळा दाबला जातो. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात ठेवणारा, त्यांना राबवणारा आणि मारझोड करणारा सखाराम शेवटी चंपाचा जीव घेतो. दिग्दर्शन कमलाकर सारंगांचे, सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाशी झगडा झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. शकाराला आणि सखारामाला वेगवेगळी वागणूक मिळाली, याचे कारण क्रौर्याच्या मापात सापडत नाही. शकार उज्जयिनीतला, राजवाड्याच्या आसऱ्याचा. सखाराम गावातल्या आळीत राहतो, बुकबाइंडिंग करून पोट भरतो आणि लग्नसंस्थेबद्दल तोंडावर बोलतो. पुढे निळू फुले यांनीच जब्बार पटेलांच्या ‘सामना’त साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील रंगवला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मास्तरांच्या भूमिकेतले श्रीराम लागू ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असे विचारत राहतात, तो प्रश्न एका खुनाचा आहे. हिंदुरावाच्या हातून नुसता भ्रष्टाचार घडला असता, तर मास्तरांचा हट्ट चिकित्सकाचा ठरला असता. फुले स्वतः राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेले कार्यकर्ते. भूमिका आणि माणूस वेगळे, याचा इतका ठळक दाखला मराठीत दुसरा क्वचितच असेल.

खलपात्राला दंड झालाच पाहिजे, अशी अटही ठिकठिकाणी घातली गेली. अमेरिकेतील १९५४ च्या कॉमिक्स संहितेने सुष्टाचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा प्रत्येक वेळी दाखवणे बंधनकारक केले. अशा अटीने शेवट आधीच कळतो आणि मधल्या दुष्कृत्याची भीती ओसरते.

खलपात्राला दुष्कृत्य करू देण्याच्या मोकळिकीवरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. वर आलेल्या चारपैकी तीन कृतींत मार खाणारी स्त्रीच आहे, आणि पुष्कळ सामान्य चित्रपटांत तिला खलनायकाचा दुष्टपणा सिद्ध करण्यापुरतेच आणलेले असते. ‘सखाराम बाईंडर’ या आक्षेपातून बऱ्याच अंशी सुटते, कारण चंपा मरण्यापूर्वी संपूर्ण जगलेली दिसते : ती भांडते, पिते, हसते, सखारामाला घरात नमवते. वाड्यावर नेल्या जाणाऱ्या नामहीन बायकांच्या तमाशापटांबद्दल तसे म्हणता येत नाही. तिथे हरकत घ्यायची ती पाटलाच्या दुष्टपणावर नव्हे, त्या बाईला एकही धड वाक्य न देणाऱ्या लेखकावर.