नगरसेवक (मुंबई)

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागातून थेट मतदानाने पाच वर्षांसाठी निवडून येणारा लोकप्रतिनिधी. जुन्या लेखनात त्याला ‘नगरपिता’ म्हणत. आज ‘नगरसेवक’ आणि ‘नगरसेविका’ हीच नावे रूढ आहेत. मुंबईत २२७ निर्वाचित नगरसेवक असून त्यांखेरीज काही नामनिर्देशित सदस्य सभागृहात बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. २०११ च्या जनगणनेतील १ कोटी २४ लाख लोकसंख्या २२७ प्रभागांत वाटली, तर एका नगरसेवकाच्या वाट्याला सरासरी ५५,००० माणसे येतात, म्हणजे तालुक्याच्या एखाद्या गावाएवढी वस्ती. एवढ्या माणसांच्या पाणी, गटार, कचरा, दवाखाना आणि शाळा यांविषयीच्या तक्रारी प्रथम त्याच्याकडे येतात. त्या स्वतःच्या अधिकारात सोडवण्याची कोणतीही सत्ता मात्र कायद्याने त्याला दिलेली नाही. मुंबईच्या नगरसेवकाचे काम या विसंगतीपासूनच समजून घ्यावे लागते.

विसंगतीचे मूळ शहराच्या घडणीत आहे. १८६५ च्या कायद्याने नगराचा कारभार आयुक्ताच्या हाती आला. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहर झपाट्याने सुधारले, पण खर्चावर धरबंध राहिला नाही आणि करदाते संतापले. १८७१ च्या त्या वादात बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी कार्यकारी सत्ता एका आयुक्ताकडेच असावी, मात्र त्याच्यावर करदात्यांच्या प्रतिनिधींची नजर असावी, अशी बाजू मांडली. पुढे १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका स्थापन झाली व त्यांतील निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. आजही लागू असलेल्या १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने हीच रचना पक्की केली. प्रौढ मतदानावर आधारलेली पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली, तोवर मताचा हक्क मर्यादित लोकांपुरताच होता. मतदार बदलले, सभागृह मोठे झाले, तरी अंमलबजावणी राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे आणि देखरेख व मंजुरी सभागृहाकडे ही विभागणी तशीच राहिली. त्यामुळे एकटा नगरसेवक साध्या मुकादमालाही कायदेशीर आदेश देऊ शकत नाही.

त्याची औपचारिक सत्ता सामूहिक आहे. ती तो सभागृहात, स्थायी, सुधार, शिक्षण व बेस्ट (महापालिकेचा बस व वीज उपक्रम) या समित्यांत आणि प्रभाग समितीत वापरतो. प्रशासनाने आणलेला प्रस्ताव मंजूर करणे, राखून ठेवणे, फेरविचारासाठी परत पाठवणे किंवा थेट ‘दफ्तरी दाखल’ करणे, म्हणजे नामंजूर करून बंद करणे, हे समितीच्या हाती असते. २०२५–२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, यावरून या मंजुरीचे वजन कळावे. याशिवाय ठरावाची सूचना मांडणे, लेखी प्रश्न विचारणे आणि ऐन बैठकीत हरकतीचा मुद्दा उपस्थित करणे ही साधने त्याच्याजवळ आहेत. हरकतीचा मुद्दा खरे तर कामकाजाच्या नियमासाठी असतो; मुंबईच्या सभागृहात मात्र आदल्या रात्री कोसळलेल्या भिंतीपासून बंद पडलेल्या शववाहिनीपर्यंत कोणताही विषय त्या नावाखाली मांडला गेला आहे, आणि तसे करण्यात फारसे गैर आहे असेही म्हणवत नाही.

प्रत्यक्ष कामाला महापालिकेच्या बोलीत एकच शब्द आहे : पाठपुरावा. त्याचे ठिकाण म्हणजे नगरसेवकाचे जनसंपर्क कार्यालय. ते बहुधा चाळीच्या तळमजल्यावरची किंवा नाक्यावरची दहा बाय पंधराची खोली असते. संध्याकाळी सातनंतर तेथे गर्दी होते. टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा, रबरी शिक्का आणि लांबट नोंदवही असते. आलेल्याने तक्रार सांगायची, कार्यकर्त्याने ती ‘महोदय’पासून सुरू होणाऱ्या पत्रात उतरवायची, नगरसेवकाने सही करायची, आणि दुसऱ्या दिवशी ते पत्र विभाग कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायचा. (प्रशासकीय विभागाला ‘जी उत्तर’ किंवा ‘के पूर्व’ अशी अक्षरी नावे आहेत; निवडणुकीच्या मतदारसंघाला मात्र प्रभाग म्हणतात. बोलताना दोन्हींना ‘वॉर्ड’च म्हटले जाते आणि ‘वॉर्डात जाऊन आलो’ याचा अर्थ नेहमी कार्यालयात जाऊन आलो असाच असतो.) पत्राइतकेच महत्त्व दूरध्वनीला असते. सहायक आयुक्त, परिरक्षण खात्याचा दुय्यम अभियंता, घनकचरा खात्याचा पर्यवेक्षक, चौकीवरचा मुकादम यांपैकी नेमके कोणाला आणि किती वाजता गाठायचे हे ज्याला कळते, त्याचे काम होते. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कोणीही तक्रार नोंदवू शकतो. तरीही ती नोंदवून लोक नगरसेवकाकडे जातात, कारण नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दर दोन दिवसांनी करणारा माणूस त्यांना हवा असतो.

या सर्वांत पाण्याची तक्रार सर्वांत जुनी आणि गुंतागुंतीची. विहार (१८६०), तुळशी व तानसा यांपासून मध्य वैतरणेपर्यंतच्या सात जलाशयांतून शहराला पाणी मिळते, पण बहुतेक वस्त्यांना ते दिवसातून ठरावीक तासच सोडले जाते. झडपा उघडबंद करणाऱ्या कामगाराला सर्वजण ‘चावीवाला’ म्हणतात. त्याच्या फेरीत अर्ध्या तासाचा बदल झाला तरी टेकडीवरच्या शेवटच्या गल्लीत हंडे रिकामे राहतात. समजा, एखाद्या चाळीत पहाटेचे पाणी पहिली दहा मिनिटे गढूळ व वासाचे येते. पुरवठा बंद झाल्यावर जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गटारातून गेलेल्या, गंजलेल्या जोडणीतील बारीक छिद्रातून सांडपाणी आत ओढले जाते, हे त्याचे नेहमीचे कारण. नमुना तपासायला न्यायचा, ते छिद्र शोधायचे, त्यासाठी चर खोदायची, नळाचा तुकडा बदलायचा आणि चर बुजवायची. यांत जलकामे, आरोग्य व रस्ते ही तीन खाती येतात आणि प्रत्येक खाते दुसऱ्याची वाट पाहते. तिन्ही खात्यांच्या माणसांना एका सकाळी त्याच गल्लीत उभे करणे, हे नगरसेवकाचे कौशल्य.

पाण्याच्या प्रश्नाने एका नगरसेविकेला शहरभर नाव मिळवून दिले. दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरे १९५७ मध्ये महापालिकेत आली, तेव्हा वस्ती वाढत होती आणि जलवाहिन्या मात्र मागे होत्या. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून आल्या व त्यांनी पाण्यासाठी सभागृहात आणि रस्त्यावर असा दोन्हीकडे लढा दिला. ‘पाणीवाली बाई’ ही त्यांची ओळख पुढे विधानसभेत आणि लोकसभेतही त्यांच्यासोबत गेली. प्रश्न मात्र संपला नाही. अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पाणी नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये द्यावा लागला.

सार्वजनिक शौचालयांबाबत अडचण वेगळी असते. शौचालय कोणी बांधले, जमीन कोणाची आणि देखभाल कोणाकडे या तीन प्रश्नांची उत्तरे मुंबईत क्वचितच एक असतात. वस्ती रेल्वेच्या, बंदराच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या जागेवर असते, शौचालय म्हाडाने (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने) बांधलेले असते, चालवते एखादी वस्तीतील संस्था आणि भरलेले मलकुंड उपसण्याची मागणी होते महापालिकेकडे. दरवाजा तुटला, दिवा गेला, पाणी नाही, अशा वेळी किती शौचकूप वापरात राहिले याचा आकडा बहुधा नगरसेवकाच्या कार्यकर्त्यालाच ठाऊक असतो. अंधार पडल्यावर बंद पडणाऱ्या शौचालयाचा सर्वाधिक त्रास स्त्रियांना होतो, त्यामुळे ही तक्रार अधिक करून त्याच आणतात.

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हा वार्षिक विषय. मिठी नदी व मोठे नाले पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, तर लहान नाले व गटारे विभाग कार्यालयाकडे असतात. उपसलेला गाळ काठावरच राहिला आणि पहिल्या सरीबरोबर परत नाल्यात गेला, ही प्रत्येक जून महिन्यातील तक्रार आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; त्यानंतर या कामाकडे शहर अधिक कठोरपणे पाहू लागले. पावसाबरोबर हिवताप, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस येतात. कीटकनाशक खात्याच्या कामगारांना पिंप तपासण्यासाठी घरात घेत नसलेल्या सोसायट्यांची समजूत घालणे हेही मग नगरसेवकाकडेच येते. मोठी रुग्णालये त्याच्या कक्षेबाहेर असली, तरी केईएम रुग्णालयात खाट मिळावी म्हणून मध्यरात्री फोन त्यालाच येतो.

लोककल्याणाच्या कामांत व्यायामशाळा, अभ्यासिका, बालवाडी, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे आणि महिलांसाठी शिलाई यंत्र किंवा घरघंटी मिळवून देणाऱ्या योजना मोडतात. गल्लीचे लादीकरण, पायवाटा व बाकडी यांसाठी नगरसेवक निधी वापरला जातो. निधी महापालिकेचा, म्हणजे करदात्यांचा असतो. फलकावर ठळक अक्षर मात्र नगरसेवकाच्या नावाचे असते. त्याला मिळणारे मानधन कार्यालयाच्या खर्चालाही अपुरे पडते, हे येथे नमूद करावे लागेल, कारण उरलेला खर्च कोठून भागतो या प्रश्नापाशी प्रभागातील बांधकामे, फेरीवाले आणि कंत्राटे यांच्याविषयीच्या कुजबुजीला सुरुवात होते. नगरसेवकांच्या कामगिरीचा लेखाजोखा प्रजा फाउंडेशन ही संस्था प्रसिद्ध करते. त्यात वारंवार दिसलेली बाब अशी, की विचारलेल्या प्रश्नांत रस्ते व चौकांच्या नामकरणाचा वाटा मोठा असतो.

सुलोचना मोदी या १९५६ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तरी सभागृहात स्त्रिया तुरळकच होत्या. १९९२ च्या निवडणुकीपासून सुमारे एक तृतीयांश आणि २०१२ पासून निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखीव झाल्या. आरंभी अनेक जागांवर नगरसेविकेऐवजी पतीच कारभार पाहतो अशी टीका झाली व ती सर्वस्वी निराधार नव्हती. पण पुढे समित्या चालवणाऱ्या आणि स्वतःच्या बळावर पुन्हा निवडून येणाऱ्या नगरसेविकाही याच आरक्षणातून पुढे आल्या.

फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागसंख्या (२२७ की २३६) यांविषयीच्या न्यायालयीन वादांमुळे निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. ज्यांच्यावर सभागृहाने लक्ष ठेवायचे, तेच सभागृहाच्या जागी आले. या काळात जनसंपर्क कार्यालये बंद पडली नाहीत. पाटीवर ‘माजी’ हा शब्द वाढला आणि पत्रे जातच राहिली, मात्र त्यांना उत्तर देण्याचे बंधन उरले नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन नवे सभागृह आले. आरक्षणाच्या सोडतीमुळे अनेक प्रभागांत दर निवडणुकीला प्रतिनिधी बदलतो, आणि प्रलंबित तक्रारींची नोंदवही नव्या प्रतिनिधीला सोपवण्याची कोणतीही प्रथा नाही. ती बहुधा जुन्या नगरसेवकाबरोबर त्याच्या घरी जाते.